कंसातला हशा

केळापुरे साहेबांच्या भाषणात लोक कुठे हसणार हे मला आदल्या दिवशीच ठाऊक असायचं, कारण ते मीच टाइप केलेलं असायचं. वाक्य संपलं की कंस, कंसात ‘हशा’, कंस पुरा. विनोद जरा थोर असला तर ‘मोठा हशा’. वर्षातून दोन-चार वेळा ‘हशा आणि टाळ्या’. पहिल्यांदा त्यांनी असं लिहून घ्यायला सांगितलं तेव्हा मी नवीन होते. मला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, “साहेब, हे भाषण उद्या आहे ना?”

“हो. मग?”

“लोक हसले नाहीत तर?”

उद्या सूर्य उगवला नाही तर काय करायचं, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हसतील,” ते म्हणाले. “पहिल्या रांगेतले मोठे साहेब हसले की मागचे हसतात. आणि मोठे साहेब हसतात, कारण मी त्यांच्याकडे बघून थांबतो. पुढे घ्या.”

अशी अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. परवा आमच्या महिला मंडळात एकीनं ‘भाषणात विनोद कसा आणावा’ या विषयावर टाचण वाचलं आणि त्यात केळापुऱ्यांचं नाव फार आदरानं घेतलं. नागपुरातले जुने लोक अजून घेतात. मी मंडळात गप्प बसले. घरी आल्यावर मात्र गप्प बसवेना.

विदर्भ महाराष्ट्रात आला आणि कचेऱ्यांना मराठी टंकलेखकांची गरज पडली, तशी मी नोकरीला लागले. सिव्हिल लाइन्समधली जुनी दगडी इमारत, उंच छत, उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि त्यावर दुपारी दोनदा पाणी. खातं कोणतं ते सांगत नाही. तिथली माणसं आता वेगळी आहेत. केळापुरे आमचे प्रचार अधिकारी होते. म्हणजे खात्याची पत्रकं काढायची, वर्तमानपत्रांना बातम्या द्यायच्या, पाहुणे आले की त्यांना फिरवायचं. यातलं बरंचसं काम मी आणि एक कारकून करत असू. साहेब भाषणं करत. खात्याच्या स्नेहसंमेलनात करत, दुसऱ्यांच्या स्नेहसंमेलनात करत, सत्काराला करत, निरोपाला करत. गणपतीच्या दहा दिवसांत त्यांचा एक दिवस मोकळा नसे. शोकसभेलाही त्यांना बोलावत. त्यासाठी त्यांनी वेगळे विनोद राखून ठेवले होते. त्यात ‘हशा’ नसे. ‘मंद हशा’ असे.

दिसायला माणूस देखणा. गोरा, उंच, मागे वळवलेले दाट केस. भाषणाच्या दिवशी रेशमी झब्बा आणि खिशात दोन लवंगा. बोलायला उभे राहिले की मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचे आणि माइकवर तीनदा टिचकी मारायचे. मराठी अगदी धुतलेलं, पुण्याच्या वळणाचं. ऐकणाऱ्याला वाटावं, हे शनिवार पेठेतून काल आले. खरं म्हणजे ते काटोलकडच्या एका खेड्यातले. घरी संत्र्याची बाग होती. त्यांनी आपली बोली कशी आणि कधी खरवडून काढली ते मला माहीत नाही, पण काढली होती, आणि दुसऱ्याच्या तोंडात ती ऐकली की त्यांच्या नाकपुड्या हलत.

एक गोष्ट पहिल्या वर्षातच माझ्या ध्यानात आली. हा माणूस कधीच हसत नाही. ऑफिसात कोणी काही मजेचं बोललं आणि सगळे हसले की ते मनगट वर करून वेळ बघत. दुसऱ्याच्या भाषणात लोक हसत असले की त्यांचा चेहरा पोट दुखत असल्यासारखा होई. त्यांच्या बायकोला मी समारंभात बघत असे. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायच्या. एकदा चहाच्या वेळी, काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना म्हटलं, “घरीसुद्धा साहेब असंच हसवत असतील.”

त्या बशीतला चिवडा निवडत होत्या. म्हणाल्या, “घरी ते बोलत नाहीत.”

तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगितलं.

भाषणकलेबद्दल साहेबांची मतं ठाम होती आणि ती सांगायला त्यांना आवडे. “सभा म्हणजे म्हैस,” ते म्हणत. “आधी पाठ थोपटायची, मग धार काढायची.” दुसरं म्हणजे, विनोदाला गिऱ्हाईक लागतं. सभेतल्याच एका माणसाला उभं करायचं, त्याच्यावर बोलायचं, की बाकीचे सगळे आपण सुटलो म्हणून हसतात. हे गिऱ्हाईक कसं असावं याचेही नियम होते. ते हुद्द्यानं खाली असावं. उलट बोलणारं नसावं. शक्य तर बायकामुलं सोबत आणलेलं असावं, म्हणजे त्याला उठून जाता येत नाही. समारंभाच्या आधी हॉलमध्ये एक चक्कर मारून असा माणूस हेरून त्यांना सांगणं हे काही वर्षं माझं काम होतं. कोण टकला आहे, कोणाचं नुकतंच लग्न झालंय, कोण अडखळत बोलतो. मी सांगत असे. नोकरी नवी होती हे पहिल्या वर्षापुरतं कारण झालं. नंतरच्या वर्षांना माझ्याजवळ कारण नाही.

हुद्द्याचा नियम मोडला तर काय होतं ते एकदा कामठीला पाहिलं. एका इमारतीचं उद्घाटन होतं, मंत्री यायचे होते. पहिल्या रांगेत कडेला एक लठ्ठ गृहस्थ साध्या कपड्यांत बसले होते. साहेबांना वाटलं कोणी ठेकेदार असेल. त्यांनी सुरुवात केली, “मंडळी, या गृहस्थांकडे बघा. आयोजकांनी यांच्यासाठी दोन खुर्च्या मांडायला हव्या होत्या.” लोक हसले. तेवढ्यात मला मागच्या रांगेतून कळलं की हे मंत्र्यांचे सख्खे साडू. मी चिठ्ठी लिहिली आणि पाण्याच्या ग्लासासोबत पुढे पाठवली. साहेबांनी पाणी प्यायलं, चिठ्ठी वाचली आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, “कारण दोन माणसांचं कर्तृत्व एका खुर्चीत मावतं कसं, हेच मला कळत नाही.” टाळ्या पडल्या. साडू खूश झाले. पुढे हा प्रसंग ते प्रसंगावधानाचा नमुना म्हणून सगळीकडे सांगत. त्यात चिठ्ठी नसे.

मग त्यांनी वर्ग काढला. खात्यातल्या आणि बाहेरच्या अधिकाऱ्यांसाठी, दर रविवारी सकाळी, धरमपेठेतल्या एका शाळेत. भाषणात विनोदाचा वापर कसा करावा. मी हजेरी घ्यायला आणि टिपणं वाटायला जात असे. वीसेक माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. त्यात शहराबाहेरून बसनं येणारे वानखेडे नावाचे एक फोरमन होते. वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचे. एका रविवारी साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, घरगुती विषयावर दोन मिनिटं बोला. वानखेडे उभे राहिले.

“आमच्याकडे राख फार,” ते म्हणाले. “बायको धोतर धुते, वाळू घालते, काढाले जाते तर काळं. पुन्हा धुते, पुन्हा काळं. एक दिवस मले म्हणते, धुतलं तरी काळंच होते, नाही धुतलं तरी काळंच हाय. मंग मी हे धुवून काहून राहिली? म्या म्हटलं, तू धोतर नाही धुऊन राहिली वं, तू राख धुऊन राहिली. तर म्हणते, मंग पगार कंपनीकून मांगा.”

माणूस हे सांगताना स्वतः हसत नव्हता, हसवायचंही त्याच्या मनात नव्हतं. पण वर्गात हसू फुटलं. एक जण तर बाकावरून घसरला. मीही हसले, तोंडाला पदर लावून हसले. अकरा वर्षांत त्या वर्गात आणि साहेबांच्या आसपास मी मनापासून हसल्याची ती एकच वेळ.

साहेब फळ्याजवळ उभे होते. हसणं ओसरेपर्यंत त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “वानखेडे, ‘मले’ नव्हे, ‘मला’. ‘काहून’ नव्हे, ‘का’. ‘हाय’ नव्हे, ‘आहे’. आता पुन्हा सांगा.”

वानखेड्यांनी पुन्हा सांगितलं. प्रत्येक शब्दाशी थांबून, घाम पुसत. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, “बघा. भाषेचा आधार काढला की विनोद किती पोकळ होता ते कळतं.” पुढच्या रविवारी वानखेडे आले नाहीत, त्यानंतरही नाहीत.

तीन महिन्यांनी मी टाइप करत असलेल्या भाषणात एक परिच्छेद आला. ‘आमच्या सौभाग्यवती परवा म्हणाल्या, वस्त्र धुतले तरी कृष्णवर्णच होते, मग धुण्याचे प्रयोजन काय? (मोठा हशा)’ त्या सभेला मी होते. मोठा हशा आला नाही. साहेब नेहमीप्रमाणे थांबले, मोठ्या साहेबांकडे बघितलं, मोठे साहेब दचकून हसले, आणि मग मागचे हसले.

इथवरचं सगळं मी कोणालाही गंमत म्हणून सांगू शकते. यापुढचं नाही.

आमच्या रेकॉर्ड रूमचे नंदनवार. पांडुरंग नंदनवार, उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. वडील, भाऊ, सगळे मागावर. यांना नोकरी लागली आणि हे नागपूरला आले. वीस वर्षं तळमजल्यावरच्या त्या खोलीत काढली. खोलीत छतापर्यंत मांडण्या आणि मांडण्यांवर कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. आम्ही त्यांना बस्ते म्हणत असू. कोणताही कागद मागा, नंदनवार उठत, शिडी लावत आणि पाच मिनिटांत आणून देत. एकदा मी जुना नकाशा मागायला गेले आणि नेमकी वीज गेली. मी म्हटलं, राहू द्या, उद्या येते. ते म्हणाले, “थांबा जी, काहाले उद्या.” आणि अंधारात चाचपत जाऊन बस्ता घेऊन आले. तोच होता.

मी विचारलं, हे कसं केलंत. त्यांनी बस्ता माझ्या हातात दिला. “गाठीले हात लावून पाहा.” दोरीत वेगळंच एक सूत पिळून घातलेलं होतं. जाड, खरखरीत. प्रत्येक बस्त्याला त्यांनी असं सूत लावलं होतं. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे दुहेरी पीळ. उमरेडहून आणलेलं, मागावरचं उरलेलं.

“पण चिठ्ठ्या लावलेल्या आहेत की प्रत्येकाला,” मी म्हटलं. “मग सूत कशाला?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “बाई, तुमाले म्हणून सांगतो. कोणापाशी बोलू नका. पहिले सात वर्सं मले वाचताच येत नव्हतं.”

गावच्या मास्तरांनी दया येऊन चौथी पासचा दाखला दिला होता. प्रत्यक्षात शाळा चार महिने झाली होती, मग बापानं मागावर बसवलं. नोकरीत आल्यावर आधीच्या म्हाताऱ्या कारकुनानं प्रत्येक बस्त्याची चिठ्ठी एकदा वाचून दाखवली, ती यांनी पाठ केली आणि खुणेसाठी सूत बांधलं. सात वर्षांत एक कागद चुकला नाही. पुढे मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्या पहिलीच्या पुस्तकातून हेही शिकले. “पोरगी पुढं गेली, मी तिच्या मागं मागं गेलो,” ते म्हणाले. “आता पेपर वाचतो. पण सूत सोडलं नाही. सवय झाली.”

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नंदनवारांना वीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल-नारळ द्यायचा ठरला. बोलायचे केळापुरे. दर वर्षी एका खालच्या माणसाचा सत्कार होई आणि दर वर्षी साहेब त्याला गिऱ्हाईक करत. मला वाटलं, यांच्याबद्दल तरी नीट बोललं जावं. एवढी मोठी गोष्ट ऐकली तर या माणसालाही आदर वाटेल. मी त्यांना सुताची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, सात वर्षांसकट.

ते ऐकून घेत राहिले. डोळे बारीक झाले होते. मग म्हणाले, “घ्या.”

त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवत गेले. ‘सर्वसाधारण अभिलेखपाल कागद वाचून शोधतो. आमचे नंदनवार हुंगून शोधतात. (हशा) सात वर्षे सरकारची सर्व गुपिते यांच्याकडे अत्यंत सुरक्षित होती, कारण ती वाचण्याची यांना सोयच नव्हती. (मोठा हशा) काला अक्षर भैंस बराबर, असे आमचे हिंदी बांधव म्हणतात. यांनी वीस वर्षे सरकारच्या म्हशी वळल्या. (हशा आणि टाळ्या)’

मी म्हटलं, “साहेब, हे त्यांनी विश्वासानं सांगितलंय मला.”

“म्हणूनच ताजं आहे,” ते म्हणाले. “तीन प्रती काढा.”

मी तीन प्रती काढल्या.

संमेलनाला नंदनवार पांढरंशुभ्र धोतर आणि नवी टोपी घालून आले होते. सोबत बायको आणि मुलगी शोभा. ती तेव्हा डी.एड.ला होती. तिघांना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं, टिचक्या मारल्या आणि सुरू झाले. पहिल्या विनोदाला नंदनवार स्वतःही हसले, आपलं नाव घेतलं म्हणून. दुसऱ्याला त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. बायकोनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिला हे माहीत नसावं. तिसऱ्याला सगळा हॉल हसत होता, टाळ्या वाजत होत्या, आणि शोभा मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती. मग नाव पुकारलं. नंदनवार उठले, स्टेजवर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, केळापुऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि खाली आले. दोन शब्द बोला म्हणून कोणी तरी म्हणालं. त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. “बाई, तुमाले मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. एवढंच बोलले आणि गेले.

पहिल्या रांगेत त्या दिवशी मुंबईहून बदलून आलेले उपसंचालक बसले होते, साठवणे साहेब. भंडाऱ्याकडचे, कमी बोलणारे. ते हसले नव्हते. त्यांनी नंदनवारांचं सेवापुस्तक मागवलं. त्यात चौथी पास लिहिलेलं होतं. चार दिवसांत नंदनवारांना कागद आला की खोटा दाखला देऊन नोकरी मिळवल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. शोभाचं लग्न एका शिक्षकाच्या घरी ठरत होतं. त्या लोकांनी निरोप पाठवला की हे काय ते एकदा मिटू द्या, मग बोलू.

मी केळापुऱ्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, साहेब, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. विनोदासाठी रचलं होतं, खरं नाही, एवढंच. माणूस वाचेल.

ते पत्रकाचं प्रूफ बघत होते. वर न बघता म्हणाले, “माझे विनोद रचलेले नसतात. ते जीवनातून आलेले असतात. हे मी वर्गात शिकवतो, वर्तमानपत्रात लिहून आलंय.”

“पण त्यांची नोकरी जाईल.”

“त्याला सांगा, मन मोठं ठेव. विनोद हसण्यावारी न्यायचा असतो.”

“साहेब, दोन ओळी.”

त्यांनी प्रूफ आपटलं. “मी काहून लिहून देऊ?” ते म्हणाले. “लोकायले काय वाटन, केळापुरे थापा मारते?”

ती बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी रुमालानं ओठ पुसले आणि मला जायला सांगितलं.

प्रत्येक भाषणाची तिसरी प्रत मी माझ्या कपाटात ठेवत असे. दुसऱ्या दिवशी मी गेल्या सगळ्या स्नेहसंमेलनांच्या प्रती काढल्या आणि साठवणे साहेबांकडे नेल्या. त्यांनी विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “साहेब, वाचून बघा. मग ठरवा.”

मी उभी राहिले आणि ते वाचत गेले. ड्रायव्हरचा सत्कार, तर त्याला डावं-उजवं कळत नव्हतं. आरेखकाचा सत्कार, तर त्याला सरळ रेघ येत नव्हती. पहारेकरी, तर त्याची झोप इतकी गाढ की चोरांनीच उठवून गेट उघडायला सांगितलं. दर वर्षी माणूस वेगळा, साचा तोच. वाक्यंसुद्धा कुठे कुठे तीच. अर्ध्या तासानं त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “हा कंसातला हशा कोणी लिहिला?”

“साहेब सांगायचे, मी लिहायची.”

“भाषण झाल्यावर?”

“आदल्या दिवशी.”

त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी शिपायाला सांगून नंदनवारांना बोलावलं आणि टेबलावरची एक फाइल उघडून समोर धरली. “वाचा.”

नंदनवारांनी टोपी नीट केली, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. सावकाश, पण न अडखळता. जोडाक्षरं, तारखा, इंग्रजी हुद्दे, सगळं. अर्धं पान झाल्यावर साठवणे म्हणाले, “पुरे.”

नंदनवारांनी फाइल बंद केली नाही. म्हणाले, “पण साहेब, आधी मले...”

“मी विचारलं तेवढंच सांगा,” साठवणे म्हणाले. “वाचा म्हटलं, तुम्ही वाचलंत. जा कामाला.”

मला आजही वाटतं की साठवण्यांना खरं काय ते कळलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं की समारंभातला उल्लेख विनोदाच्या भरात केलेला असून निराधार आहे, आणि प्रकरण बंद केलं. एक प्रत केळापुऱ्यांना पाठवली. ‘निराधार’ हा शब्द साहेबांना फार लागला म्हणतात. भाषणांच्या त्या प्रती कुठून गेल्या हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत माझी बदली आस्थापना शाखेत झाली. तिथे मी सुखानं बिलं आणि रजेचे अर्ज टाइप केले.

शोभाचं लग्न त्याच घरी झालं. मला पत्रिका आली, मी गेले, पंगतीत जेवले. नंदनवार आणखी तीन वर्षं त्या खोलीत होते. कागद मागितला की देत, पूर्वीसारखाच पाच मिनिटांत. पण शिडीवरून उतरल्यावर दोन घटका उभं राहून बोलणं, पोरीचं, उमरेडचं, ते गेलं. मी त्यांची माफी मागितली होती. “होऊन गेलं जी,” असं ते म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

केळापुऱ्यांना काही झालं नाही. लोकांना वाटतं अशा माणसाला एक दिवस भर सभेत कोणी तरी सुनावतं. तसं काही घडलं नाही. त्यांचे सत्कार झाले, निवृत्तीला मोठा समारंभ झाला, बरंच लिहून आलं. पुढे पुढे बोलावणी कमी झाली, कारण नवी माणसं आली आणि त्यांचे नवे विनोद आले. साहेबांपेक्षा ते चांगले होते असं नाही.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला, गणपतीत. भर दुपारची वेळ होती. मी सायकलरिक्षानं लक्ष्मीनगरकडून येत होते. एका मैदानात मांडव होता आणि समोर रस्ता खणलेला, म्हणून रिक्षा थांबली. मांडवात डेकोरेशनवाले खुर्च्या लावत होते. स्टेजवर रेशमी झब्बा घालून केळापुरे उभे होते. केस पांढरे झाले होते, झब्बा खांद्यावरून उतरत होता. कार्यक्रम संध्याकाळी असणार. माइकला अजून तारही जोडलेली नव्हती. हातात कागद होता आणि ते काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग ते थांबले, भुवया वर केल्या आणि रिकाम्या पहिल्या रांगेकडे बघत राहिले.

डोक्यावर घडीच्या खुर्च्यांची चळत घेऊन एक मजूर मधून चालला होता. त्याला वाटलं हे आपल्यालाच काही सांगताहेत. तो थांबला. चळत एका हातानं सावरत मोठ्यानं म्हणाला, “काय म्हणून राहिले साहेब?”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “चालू द्या.”

मजूर गेला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रिक्षावाल्यानं खड्ड्याच्या बाजूनं वाट काढली, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.